काय बघून थांबलात?

शकूताईंनी पालथा कागद उचलला, सुलटा केला आणि कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढला.

"अगं बाई," त्या म्हणाल्या.

कागद रफिकभाईंकडे गेला. त्यांनी हाताला लागलेला खारीचा चुरा झटकला, कागद लांब धरला, जवळ आणला. मग माझ्याकडे बघितलं आणि पटकन नजर नदीकडे वळवली.

"बोला की कुणीतरी," मी म्हणाले. "ज्याच्या हाती कागद आला त्यानं सांगायचं, असाच नियम आहे ना?"

"नियम तोच आहे गं," शकूताई म्हणाल्या. "पण हे सरांचं आहे."

सर म्हणजे माझे वडील, आमचे आबा. यशवंत सोनटक्के. वाईतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर भूगोल शिकवला. त्यांना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. आणि तो कागद त्याच सकाळी, आमच्या सगळ्यांच्या देखत, घाटावर बसून काढलेला होता.

ही मंडळी दर रविवारी कृष्णेच्या घाटावर चित्रं काढायला जमायची. चित्रकार त्यांच्यातलं कुणीच नव्हतं. शकूताई वाळिंबे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, रफिक इनामदारांची बेकरी, मुरलीधर खामकरांचं चष्म्याचं दुकान. आणखी दोघं-तिघं येऊन-जाऊन असत. ऊन चढेपर्यंत जो तो आपली जागा धरून काढत बसायचा, मग सगळे चहाला एकत्र यायचे. चहाच्या वेळी सगळे कागद पालथे करून पत्त्यांसारखे पिसायचे. कागदावर नाव घालायचं नाही. ज्याच्या वाट्याला जो कागद येईल तो त्यानं वर धरायचा आणि सांगायचं, हा कुणाचा, आणि काढणारा काय बघून थांबला. सांगणारा कितीही चुकला तरी काढणाऱ्यानं मध्ये बोलायचं नाही. सगळ्यांचं बोलून झालं की मग त्यानं खरं काय ते सांगायचं. ही पद्धत आबांनीच पाडली होती. "काय बघून थांबलात?" हा प्रश्नही त्यांचाच. वर्गात ते मुलांना सहलीहून आल्यावर हेच विचारत.

"मग आहे कुणाचं हे?" रफिकभाईंनी विचारलं.

खामकर चहात साखर ढवळत होते. उंच, वाळकुडे गृहस्थ. शर्टाच्या खिशात कायम एक बारीक स्क्रूड्रायव्हर. चमचा बशीत ठेवून ते म्हणाले, "माझंय."

"तुमचं?"

"हो. का?"

"काय बघून थांबलात?" मी विचारलं.

"असंच. पायऱ्या दिसल्या, काढल्या."

मी कागद हातात घेतला. आबा फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा खडू न उचलता काढत. डहाणूहून निघत आणि अख्खं राज्य फिरून पुन्हा डहाणूला येत. त्यांची चित्रंही तशीच होती. डाव्या कोपऱ्यातून आधी जमिनीची रेघ निघे. ती चालत चालत पायरी होई, पायरीचं झाड होई, झाडावरून ती देवळाच्या शिखरावर चढे आणि पलीकडे उतरून पाण्याला मिळे. पेन कुठंही उचललेलं नसे. माझ्या हातातल्या कागदावर ती रेघ तशीच्या तशी चालत होती. कळसाला वळसा घालताना ती जरा रेंगाळे, तेवढीसुद्धा रेंगाळली होती.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. पण त्या वेळी मनात पहिला विचार आला तो मला नीट आठवतो. हा माणूस माझ्या वडिलांचं काहीतरी वापरतोय.

मी बंगळूरला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरीला होते. रजा काढून आले होते, घर आवरायला. आई आधीच गेली होती. आबा एकटे राहायचे आणि दर रविवारी फोनवर त्या दिवशीच्या चित्राचा फोटो पाठवायचे. एकही रविवार चुकला नाही. मग एका संध्याकाळी ते मागच्या दाराच्या पायऱ्यांवरून पडले आणि कपडे धुवायच्या दगडावर डोकं आपटलं. मी पोचेपर्यंत दवाखान्यात सगळं संपलेलं होतं. ज्या पायऱ्या त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतल्या होत्या त्यांवरून ते पडलेच कसे, हे मला वर्षभर कुणी सांगू शकलं नव्हतं. "चक्कर आली असेल," डॉक्टर म्हणाले होते. मीही तेच म्हणत आले होते.

शकूताईंनीच मग विषय बदलला. "शरयू, तू आहेसच तर आपण सरांच्या चित्रांचं प्रदर्शन करू. वाचनालयाचा हॉल मिळेल. वर्षश्राद्धाच्या सुमारास. शेवटच्या वर्षातली लावू, काय सुंदर काढली होती त्यांनी! इतकी मोकळी रेघ आधी कधी नव्हती."

"शेवटची नकोत," खामकर म्हणाले.

"का हो?"

"जुनी लावा. नकाशे लावा त्यांचे. शाळेतली मुलं येतील बघायला."

"अहो पण शेवटचीच चांगली आहेत ना!"

"मला वाटलं ते सांगितलं," खामकर उठत म्हणाले. आपला कागद त्यांनी माझ्या हातून अलगद काढून घेतला, घडी घालून खिशात टाकला आणि निघून गेले. चित्राची घडी घातलेली मी तिथं पहिल्यांदाच बघितली.

घराकडे जाताना शकूताई माझ्याबरोबर चालत आल्या.

"मनाला लावून घेऊ नकोस. खामकर तसा विचित्रच आहे," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी तर त्याचा हात पार बिघडला होता. पोरांनी खरडल्यासारखं काहीतरी घेऊन यायचा. मी तोंडावर बोलायचे. आणि सर गेले नि हा एकदम सुधारला. आता तर बघ, हुबेहूब..."

त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मीही करायला लावलं नाही.

घरी आल्यावर मी पत्र्याच्या पेटीतून आबांचे कागद काढले आणि दिवाणावर पसरले. फोनमधल्या फोटोंशी ताडून शेवटच्या वर्षातले एका बाजूला ठेवले, आधीचे दुसऱ्या बाजूला. शकूताई म्हणत होत्या ते खरं होतं, शेवटचे जास्त चांगले होते. ते बघत बघत मी सहज एक उलटा केला. मागे कोरा होता. दुसरा उलटा केला, तोही कोरा. मग मी सगळेच उलटे करत गेले.

आबा प्रत्येक चित्राच्या पाठीवर तारीख आणि त्या सकाळची हवा लिहायचे. वारा कुठून, आभाळ किती, नदीला पाणी किती. लहानपणी मी त्यांना यावरून चिडवायची, की आबा, चित्र पुढच्या बाजूला असतं. आधीच्या वर्षांच्या एकूण एक कागदावर ही नोंद होती. शेवटच्या वर्षातल्या एकावरही नव्हती.

म्हणजे हे कागद आबांचे नव्हतेच. कुणीतरी मूळ चित्रं ठेवून घेतली होती आणि त्यांच्या नकला पेटीत सरकवल्या होत्या. सोनटक्के सरांच्या रेघेची नक्कल कुणाला जमते हे मी सकाळीच बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुष्पाबाई झाडलोट करायला आल्या. आबा असताना त्याच त्यांचा स्वयंपाक करत. मी विचारलं, "पुष्पाबाई, खामकर यायचे का हो इथं?"

"चष्मेवाले? दर रैवारी. दुपारच्याला."

"कशाला?"

"आता ते मला काय ठावं? दार लोटून बसायचे दोघं. जाताना ह्यांच्या काखंत कागदाची सुरळी असायची. एकदा म्या इचारलं सरांना, काय नेतात ओ ते? तर म्हणाले, पुष्पा, तू तुझ्या भाकरीकडं बघ." त्या हसल्या. "लई चिडके झालते सर शेवटाला. मिठाची बरणी जरा हलली तरी वरडायचे. जागच्या जागी ठेव म्हणायचे, जागच्या जागी."

"सुरळी घेऊन जायचे. आणि येताना?"

"येताना बी असायची की."

मला आणखी काही विचारायचं उरलं नव्हतं.

खामकरांच्या दुकानात एक म्हातारे गृहस्थ यंत्राला हनुवटी टेकून बसले होते. मी दारातल्या बाकावर बसले. भिंतीवर लहान-मोठ्या अक्षरांचा तक्ता, काचेच्या कपाटात चष्म्यांच्या रिकाम्या फ्रेमा. खामकरांनी मला बघितलं, मान हलवली आणि काम चालू ठेवलं. घाई केली नाही. एक काच घालून बघितली, दुसरी घातली.

"आता रस्त्यापलीकडची पाटी वाचा बघू."

"श्रीराम... ड्रेसेस."

"त्याच्या खालचं?"

"त्याच्या खाली काय आहे?"

"उधार मिळणार नाही असं लिहिलंय. तेवढं नाही दिसलं तरी चालेल तुम्हाला."

म्हातारबुवा हसत हसत गेले. खामकर काउंटरच्या मागं येऊन उभे राहिले.

"आबांचे मूळ कागद तुमच्याकडे आहेत," मी म्हणाले.

ते नाही म्हणतील, कसले कागद म्हणून विचारतील, असं मला वाटलं होतं. त्यावर काय बोलायचं ते मी वाटभर जुळवून आणलं होतं.

"आहेत," ते म्हणाले.

त्यांनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं. मग खाली वाकून फ्रेमा ठेवायच्या लांब खणातून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली एक जाड सुरळी काढली आणि माझ्यासमोर ठेवली.

मी पहिला कागद सोडवला. मागे नोंद होती. अक्षर आबांचंच, पण मोठं झालेलं, एकावर एक चढलेलं. 'वारा पश्चिमेचा. आभाळ नाही.' मी तो उलटा केला.

डाव्या कोपऱ्यात जमिनीची रेघ होती. ठसठशीत, आबांचीच. ती थोडी चालत गेली आणि मग भरकटली. उजव्या कडेला अर्धं झाड होतं, पानापानांसकट. वरच्या कडेला शिखराचं टोक. मधोमध काही नव्हतं. काही नव्हतं असंही नाही, रेघांवर रेघा पडून तिथं एक काळं भेंडोळं झालं होतं. मी दुसरा कागद बघितला, तिसरा बघितला. सगळ्यांच्या कडा भरलेल्या आणि मधला भाग असाच, कुठं कोरा, कुठं काळा.

"हे काय आहे?"

"सरांची चित्रं."

"ही?"

"बसा," खामकर म्हणाले. मी बसले नाही. ते उभ्यानंच बोलले. "नंबर वाढलाय म्हणून सर माझ्याकडं आले. मी काचा बदलून बदलून थकलो. मग त्यांना साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं घेऊन गेलो. पडदा खराब झाला होता, दोन्ही डोळ्यांचा, बरोबर मधोमध. वयानं होतं. मधलं जातं, कडा राहतात. माणूस चालू शकतो, पाणी ओतून घेतो, आपल्या घरात हिंडतो. पण ज्याच्याकडं बघावं तेच दिसत नाही."

"मे महिन्यात मी आले होते," मी म्हणाले. "चांगले पंधरा-वीस दिवस."

"माहीत आहे. पेपर तुम्ही वाचून दाखवायचात."

"तुझा आवाज ऐकू दे म्हणायचे."

"हां."

आणि बोलताना ते माझ्या कानापलीकडे कुठंतरी बघत असायचे. मला वाटलं होतं, माझ्यावर रागावलेत. आपल्याला त्याचं वाईट वाटलं होतं आणि आपण तसं दाखवलं नव्हतं, हे मला त्या दुकानात उभं असताना आठवलं.

"मला का नाही सांगितलं?"

खामकरांनी काउंटरवरचा चिमटा उचलला, परत ठेवला. "तुमची अट होती ना."

अट होती. आई गेल्यावर मी आबांना बंगळूरला नेणार होते. त्यांना यायचं नव्हतं. आठव्या मजल्यावर मला नदी कोण दाखवणार, म्हणाले. बरंच बोलणं झालं, आणि शेवटी ते हसावेत म्हणून मी म्हणाले होते, "बरं, दर रविवारी एक चित्र पाठवायचं. चित्र येतंय तोवर तुम्ही ठीक आहात असं मी धरेन. एक रविवार चुकला की गाडी घेऊन आलेच समजा." ते हसले होते. मी ती गोष्ट विसरूनही गेले होते.

"साताऱ्याहून येताना एसटीत सर गप्प होते," खामकर म्हणाले. "पाचवड आल्यावर म्हणाले, खामकर, परवा रविवार आहे. मला एक चित्र काढून दे. माझं म्हणून खपलं पाहिजे. मी म्हटलं, देतो, फोटोत काय कळतंय. तर म्हणाले, फोटोचं सोड, शकू तिला फोन करत असते. घाटावरसुद्धा तेच चित्र निघायला हवं."

"म्हणजे तुम्ही सगळ्यांना..."

"कागद गोळा करायचं काम माझ्याकडंच होतं. सरांचा काढून घ्यायचा आणि मी केलेला त्यांच्या जागी घालायचा. आम्ही शेजारी शेजारी बसायचो. ते त्यांचं काढत असायचे. मला म्हणायचे, डावीकडं कुणीतरी कपडे धुतंय, बाई दमलीय बघ, धोपटण्याचा आवाज लांबत चाललाय. मी बघायचो, तर खरंच ती बाई कमरेवर हात ठेवून उभी. मग मी ती काढायचो. ते सांगायचे, मी काढायचो. चहाला सगळे विचारायचे, सर, काय बघून थांबलात? सर सांगायचे. त्यात एक शब्द खोटा नसायचा."

"आणि तुमचं स्वतःचं चित्र?"

"ते उरलेल्या वेळात. काहीतरी खरडायचं."

"रेघ कशी जमली तुम्हाला?"

"जमत नव्हती. घरी रद्दी घेऊन बसायचो. शाळेत मुलं अक्षरं गिरवतात तशी गिरवली सरांची जुनी चित्रं. बायको म्हणायची, वेड लागलंय." त्यांनी उजव्या हाताकडे बघितलं. "आता जात नाही हातातून. काल मी माझ्यासारखं काढायला बसलो होतो. माझ्यासारखं म्हणजे कसं होतं, ते काही आठवेना."

बाहेर कुणीतरी शटरवर थाप मारली. "जेवायची सुट्टी आहे," खामकरांनी आतूनच सांगितलं.

"म्हणून ते पडले," मी म्हणाले.

ते सुरळीच्या फडक्याची घडी घालू लागले.

"खामकर, तुम्ही मला एक फोन केला असता तर आबा आज असते."

"असते," ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "बंगळुरात."

मी सुरळी उचलली आणि शटरखालून वाकून बाहेर पडले.

प्रदर्शन करायचं नाही, असं मी शकूताईंना सांगायला निघाले होते. अर्ध्या वाटेत परत फिरले. सांगायचं तर कारण द्यावं लागलं असतं. दोन-तीन दिवस मी घराबाहेर पडले नाही. फोनमधल्या फोटोंवर तारखा होत्या, आबांच्या कागदांच्या पाठीवर तारखा होत्या. त्यावरून मी जोड्या लावल्या. आबांचा कागद डावीकडे, खामकरांचा उजवीकडे, अशी अख्खी पडवी भरली. एका कागदाच्या कडेला बोटीचं टोक होतं, मध्ये काळं भेंडोळं. शेजारच्या कागदावर ती अख्खी बोट होती, तिच्यात पाय सोडून बसलेला माणूस होता, त्यानं विडी पेटवायला हाताचा आडोसा केला होता. ती काडी ओढल्याचा आवाज आबांनी ऐकला असणार. खामकरांच्या चित्रांत प्रत्येक वेळी माणसं काहीतरी ऐकू येईल असं करत होती, हे तोवर माझ्या लक्षात आलं नव्हतं.

पुष्पाबाई पडवीच्या दारात उभ्या राहिल्या. "पाय कुठं ठेवू?"

"कडेकडेनं या," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी पुन्हा दुकानात गेले. खामकर काचा पुसत होते.

"प्रदर्शन होणार आहे," मी म्हणाले. "शेवटच्या वर्षाचंच. चित्रांखाली पट्ट्या लावणार आहे. रेखाटन, मुरलीधर खामकर. सांगणं, यशवंत सोनटक्के."

त्यांच्या हातातला कपडा थांबला. "माझं नाव नको."

"मग मी एकही चित्र लावणार नाही."

"शरयूताई, लोक सरांना खोटं म्हणतील. जन्मभर कुणाला खोटं बोलले नाहीत ते. मी त्यांना वचन दिलंय, कुणाला कळू देणार नाही म्हणून."

"कुणाला म्हणजे मला. मला कळलं."

"सर रागावले असते."

"रागावू देत की," मी म्हणाले. "मलाही त्यांच्यावर रागवायचंय. दोघं मिळून रागावू."

मग त्यांनी पुसलेलीच काच पुन्हा पुसायला घेतली. "पट्टीवर सरांचं नाव वर घाला," म्हणाले. मी हो म्हटलं.

आबांचे स्वतःचे कागद मी लावले नाहीत. ते मी माझ्याजवळ ठेवले. आजही आहेत.

प्रदर्शनाला वाचनालयाचा हॉल बराच भरला. शाळेतले जुने विद्यार्थी आले, त्यांची मुलं आली. रफिकभाईंनी खारीचं मोठं खोकं आणून टेबलावर ठेवलं. शकूताई जरीकाठी साडी नेसून आल्या होत्या. पहिल्या चित्रासमोर उभ्या राहून त्यांनी पट्टी वाचली. दुसऱ्या चित्राची वाचली, तिसऱ्याची वाचली. मग मागं येऊन पहिली पुन्हा वाचली. मला सगळं सांगावं लागलं. तिथंच, दाराजवळ उभं राहून, मी ते थोडक्यात सांगितलं.

त्या तडक खामकरांकडे गेल्या. ते कोपऱ्यात, पंख्याच्या बटणांखाली उभे होते.

"अहो खामकर! वर्षभर मी तुम्हाला म्हणत होते, हात बिघडलाय तुमचा, पिऊन येता की काय!"

"म्हणत होतात."

"पोराटोरांसारखं काढता म्हणाले, सगळ्यांसमोर!"

"दोनदा म्हणालात."

"आणि तुम्ही मुकाट ऐकून घेतलंत?"

"नियमच आहे ना," खामकर म्हणाले. "मध्ये बोलायचं नाही."

त्या हसल्या, आणि हसता हसता त्यांचा चेहरा रडवेला झाला. "आणि मी मेली दर रविवारी छाती ठोकून सांगत होते, हे सरांचं म्हणून."

"बरोबरच सांगत होतात की," रफिकभाई म्हणाले.

"रफिक, मला जरा पाणी दे," त्या म्हणाल्या, आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ पाणी पीत राहिल्या.

कुणी आबांना खोटं म्हटलं नाही. म्हटलं असेल तर माझ्या कानावर आलं नाही. दुपारपर्यंत लोक चित्रांसमोर थांबून खालच्या पट्ट्या वाचत होते आणि शेजारच्याला वाचून दाखवत होते. मग हळूहळू हॉल रिकामा झाला. शकूताई आणि रफिकभाई कपबश्या परत द्यायला गेले. मी चित्रं उतरवायला लागले. खामकर स्टुलावर बसून काढलेल्या टाचण्या डबीत टाकत होते.

"शरयूताई, एक विचारायचं होतं."

"विचारा."

"सर पडले त्या संध्याकाळी..." एक टाचणी वाकडी झाली होती, ती त्यांनी अंगठ्यानं सरळ केली. "मागच्या दाराला लाइट होती का?"

मी हातातला कागद खाली ठेवला.

"वर्षभर कुणाला विचारलं नाही मी," ते म्हणाले. "तुमच्या शेजारच्या बाबर वहिनी रोज दुकानावरून जातात. त्यांनीच बघितलं ना पहिल्यांदा? रोज वाटतं विचारावं. अंधार असला तर कुणीही पडेल. मी पडेन, तुम्ही पडाल. पण लाइट असून पडले असतील, तर मग..."

डबीचं झाकण लावून त्यांनी ती दोन्ही हातांत धरली होती.

बाबर वहिनींनी मला दवाखान्यातच सांगितलं होतं. दहाव्याला आलेल्या बायकांनाही सांगताना मी ऐकलं होतं. मागच्या दाराचा दिवा लख्ख चालू होता हो, त्या म्हणत, अगदी सुई सांडली तरी दिसावी इतका. त्यांनीच तो रात्री आठवणीनं बंद केला होता.

"नव्हती," मी म्हणाले.

खामकरांनी मान वर केली. "नक्की?"

"अख्ख्या गल्लीची गेली होती. बाबर वहिनी मेणबत्ती घेऊन आल्या होत्या."

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसायला लागले. दुकानात लोकांना ते नेहमी सांगत, शर्टानं काच पुसू नका, चरे पडतात. मी पाठ फिरवली आणि उरलेल्या टाचण्या काढल्या.

घरी जाताना मी आधी बाबर वहिनींकडे गेले. त्या ओट्यावर पोळ्या लाटत होत्या. त्यांच्याजवळ बसून, खामकरांनी कधी विचारलं तर काय सांगायचं ते मी त्यांच्याकडून कबूल करून घेतलं, आणि मगच आमच्या घराचं कुलूप उघडलं.